दुसऱ्या वाढदिवसाआधी २७ दिवस: लहान मुलीसह मुंबई ते फ्रँकफर्ट, एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात आमचं तिकिटांचं आणि व्हिसाच्या कागदपत्रांचं छोटं ऑफिस आहे. हे प्रकरण त्या कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. नावं, पत्ता, नोकरी यांतलं काही दिलेलं नाही.

बाबा कंपनीच्या कामासाठी वर्षभर जर्मनीत फ्रँकफर्टजवळ राहत होते. त्यांना भेटायला निघाल्या तिघी: आई (३२), २३ महिन्यांची मुलगी आणि बाबांची आई, वय ६४. मुलीला इथे छोटी म्हणते. आजींचा हा पहिलाच विमानप्रवास. विमान २० एप्रिलला पहाटे २ वाजून ५० मिनिटांचं. म्हणजे घरातून निघायचं १९ तारखेला दुपारी. ही गोष्ट मी प्रत्येक घराला दोनदा सांगते आणि कॅलेंडरवर गोल करून घेते, कारण मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख चुकून आदल्या दिवशीचं विमान गमावलेली माणसं मी पाहिली आहेत.

कागदपत्रांत फार अडलं नाही. छोटीचा पासपोर्ट वेगळा, व्हिसाही वेगळा. सहा वर्षांखालच्या मुलांना शेंगेन व्हिसाचं, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचं, शुल्क नसतं आणि बारा वर्षांखाली बोटांचे ठसे घेत नाहीत. वडील सोबत नसल्यामुळे त्यांचं संमतीपत्र घेतलं आणि त्याची एक प्रत आईच्या पर्समध्ये राहील असं पाहिलं.

तिकिटं काढली तेव्हा परतीची तारीख १० मे होती. मार्चअखेरीस बाबांचा फोन आला, "ताई, व्हिसा मिळालाच आहे, तर जूनपर्यंत राहू देत." आम्ही परतीची तारीख १४ जून केली. दहा मिनिटांचं काम होतं. याच दहा मिनिटांकडे पुढे परत यायचं आहे.

अडचण

७ एप्रिलला मी त्यांच्या घरी गेले. हॉलमध्ये दोन मोठ्या बॅगा उघड्या, सोफ्यावर एक मरून रंगाची सॅक. आजींनी वहीत यादी केलेली: डिंकाचे लाडू, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, घरचं साजूक तूप, गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, नाचणीचं सत्त्व आणि सगळ्यात वर, दोन वेळा अधोरेखित केलेली, हापूसची दोन डझनांची पेटी. "अगं, माझ्या मुलाला यंदा आंबा दिसलासुद्धा नाही," असं त्या म्हणाल्या, आणि त्यावर काय बोलावं हे मला क्षणभर सुचेना.

सॅक छोटीची होती आणि तीही मायेने भरलेली. प्रत्येक वस्तूची गरज खरी होती. मी आईला म्हटलं, "छोटीला मांडीवर घे, इथे खुर्चीत बस आणि तिने आत्ता शी केली आहे असं समज. सॅक पायाशी आहे. डायपर काढ."

तिने छोटीला डाव्या हाताने धरलं आणि उजव्या हाताने चेन ओढायला सुरुवात केली. चेन अर्ध्यात अडली, कारण दुसरं टोक धरायला हात नव्हता. मग वरची शाल बाहेर आली, मग खाऊचे डबे, मग पुस्तक. डायपर सगळ्यात खाली. ओल्या पुसण्यांचं पाकीट सापडलं, पण त्याचं झाकण एका हाताने उघडेना. तोवर छोटीने खाऊचा डबा पाडला होता. आई हसली नाही. तिने सॅक बाजूला ठेवली आणि म्हणाली, "म्हणजे हे सगळं परत भरायचं."

या प्रवासाची अडचण माझ्या मते इथे होती. काय न्यायचं याचा विचार तिघांनी मनापासून केला होता. ते कोण, कधी, कोणत्या हाताने काढणार याचा कुणीच केला नव्हता. लहान मूल सोबत असलं की विमानात आईला एकच हात असतो. दुसरा मुलाचा.

निघताना दारात आई सहज म्हणाली, "तिचा दुसरा वाढदिवसही तिकडेच होईल, १७ मेला." मी चपला घालता घालता थांबले.

समोरचे पर्याय

आधी तो वाढदिवस. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत मूल 'इन्फंट' तिकिटावर, मांडीवर बसून जातं. आंतरराष्ट्रीय प्रवासात हे भाडं बहुधा मोठ्यांच्या भाड्याच्या १० टक्के असतं. पण वय धरतात ते प्रत्येक प्रवासाच्या तारखेचं, तिकीट काढल्याच्या तारखेचं नव्हे. जाताना छोटी दोन वर्षांना २७ दिवस कमी, परतताना दोन वर्षं पूर्ण. १० मेच्या परतीला काही प्रश्न नव्हता. १४ जूनला तिला स्वतःची सीट आणि मुलांच्या भाड्याचं तिकीट लागणार होतं. तारीख बदलताना ते आमच्या लक्षात आलं नाही. चूक आमच्या ऑफिसची होती आणि मी ती त्याच रात्री बाबांना फोन करून सांगितली. कळलं नसतं तर फ्रँकफर्टच्या काउंटरवर त्या दिवशीच्या दराने सीट घ्यावी लागली असती, आणि विमान भरलेलं असतं तर तीही नाही.

मग साहजिकच प्रश्न आला की जातानाही सीट घ्यावी का. छोटीचं वजन ११.३ किलो, उंची ८५ सेंटिमीटर. पुढच्या भिंतीला लावतात तो पाळणा, म्हणजे बेसिनेट, या विमान कंपनीत ११ किलोपर्यंतच मिळतो, आणि वजन बसलं असतं तरी तिचे पाय बाहेर आले असते. स्वतंत्र सीट घेतली तर मोठ्यांच्या भाड्याच्या पाऊणपट. मांडीवर घेऊन ९ तास बसणं स्वस्त, पण ११ किलो म्हणजे ११ किलो. मी सीट घ्या असं सुचवलं. बाबांनी परतीच्या वाढीव खर्चाचा हिशेब केला आणि जाताना नको म्हणाले. आजी म्हणाल्या, "आम्ही दोघी आहोत की. आलटून पालटून घेऊ." शेवटी जाताना मांडी आणि येताना सीट असं ठरलं.

मग निदान जागा नीट निवडू असं ठरवलं. पाळणा मिळणार नसेल तर पुढच्या भिंतीजवळच्या रांगेचा फायदा कमी. तिथे टेबल सीटच्या हातांमध्येच बसवलेलं असतं, त्यामुळे दोन सीटमधला हात वर होत नाही. मागच्या रांगेत तो वर होतो आणि मूल दोघींच्या मांडीवर आडवं झोपू शकतं. मुलांसोबत जाणारी बहुतेक कुटुंबं भिंतीजवळचीच जागा मागतात. बाळ पाळण्याएवढं असेल तर ते बरोबर आहे. छोटीसाठी ते चुकीचं ठरलं असतं.

आखाती देशातून विमान बदलून जाण्याचा मार्गही समोर होता. मिळून बरेच पैसे वाचत होते. पण पहाटे साडेचारला झोपलेलं मूल उचलून, दोन सॅक घेऊन, पहिल्यांदाच विमानात बसलेल्या आजींना सांभाळत एका टर्मिनलच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचं होतं. आणखी एक कारण होतं आजींच्या वहीतलं: डिंकाच्या लाडवांत खसखस होती, आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. थेट विमान ठरलं.

एक पर्याय शेजारच्या काकूंनी सुचवला होता, झोप येणारं सर्दीचं औषध. "आमच्या नातवाला दिलं होतं, अमेरिकेपर्यंत उठला नाही." आईने बालरोगतज्ज्ञांना विचारलं. त्यांनी स्पष्ट नकार दिला. अशा औषधांतलं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायचंच नसतं, त्याने श्वास मंदावण्याचा धोका असतो. शिवाय काही मुलं त्या औषधाने झोपण्याऐवजी बिथरतात. विमानात, जमिनीपासून दहा किलोमीटरवर, तो प्रयोग कुणी करू नये हे मला कळकळीने सांगायचं आहे. डॉक्टरांनी तापाच्या औषधाचा छोटीच्या वजनाप्रमाणे डोस लिहून दिला. आईने तो कागद चिकटपट्टीने बाटलीलाच लावला.

काय केलं

मोठ्या बॅगांपासून सुरुवात केली. हापूसची पेटी राहिली. युरोपीय संघात १४ डिसेंबर २०१९ पासून बाहेरून नेलेल्या बहुतेक सगळ्या फळांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर यांना. दूध आणि मांसाचे पदार्थही बाहेरच्या देशांतून प्रवाशाला नेता येत नाहीत, त्यामुळे साजूक तूपही राहिलं. सुकं खोबरं तर विमानाच्या नियमांतच अडतं: त्यात तेल भरपूर, ते आपोआप तापू शकतं, म्हणून त्याची गणना धोकादायक मालात होते आणि आपल्या विमानतळांवर बॅगेतून काढायला लावतात. खोबऱ्याच्या वाट्या राहिल्या आणि त्यांच्यामागे डिंकाचे लाडूही, कारण त्यांत तूप आणि खोबरं दोन्ही.

आजी काही वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारलं, "तिकडे लोणी मिळतं ना?" मिळतं, बिनमिठाचं. "मग तूप मी तिथेच कढवीन." वहीत त्यांनी तुपावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: 'चहाची गाळणी'. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला आणि नाचणीचं सत्त्व गेलं, प्रत्येकावर मराठीत आणि इंग्रजीत नाव लिहून.

सॅक नव्याने भरली. वस्तूंप्रमाणे नाही, प्रसंगाप्रमाणे. एका पारदर्शक चेनच्या पाकिटात एक डायपर, चार ओल्या पुसण्या, एक कचऱ्याची पिशवी. अशी पाकिटं बारा. घरापासून घरापर्यंत साधारण २२ तास, दर तीन तासांना एक धरलं तर आठ, आणि विमानाला उशीर झाला तर म्हणून चार वर. स्वच्छतागृहात जाताना सॅक न्यायची नाही, एक पाकीट न्यायचं. छोटीच्या कपड्यांचे तीन जोड वेगवेगळ्या पाकिटांत, त्याच पाकिटात मळके परत टाकायचे. आईचा एक कुर्ता आणि लेगिंग. पाण्याची बाटली अशी, जी अंगठ्याने उघडते. औषधं आणि पासपोर्ट वरच्या कप्प्यात, पॉवरबँकही तिथेच. ती चेक-इन बॅगेत चालत नाही.

द्रवाची मर्यादा १०० मिलिलिटरची असली तरी बाळाचं दूध आणि खाणं प्रवासापुरतं नेता येतं, फक्त तपासणीला आपणहून बाहेर काढून दाखवायचं. म्हणून दुधाच्या बाटल्या बाहेरच्या खणात ठेवल्या. उतरण्याआधी उरलेलं दूध ओतून टाकायचं, हेही ठरवून ठेवलं. वेलची केळी चार.

खेळणी आईने आठ काढली होती, आम्ही तीन ठेवली आणि एक चिकटपट्टीचं रीळ घातलं. रंगीत कागदी चिकटपट्टी टेबलावर चिकटवायची, नखाने उचकटायची, परत चिकटवायची. या वयाच्या मुलांना त्यात किती वेळ रमता येतं हे पाहिल्याशिवाय खरं वाटत नाही.

गोधडी नेण्यावरून थोडी चर्चा झाली. छोटी आजींच्या जुन्या लुगड्याच्या गोधडीशिवाय झोपत नसे आणि गोधडीने अर्धी सॅक भरत होती. आजींनी त्याच जुन्या लुगड्याचा दीड मीटरचा तुकडा कापला, दोन रात्री उशीखाली ठेवला आणि घडी करून दिला.

१२ एप्रिलला पुन्हा तीच रंगीत तालीम. खुर्ची, मांडीवर छोटी, एक हात. पाकीट बाहेर यायला दहा सेकंदंही लागली नाहीत.

प्रवासाची रात्र

पुण्याहून थेट विमानतळावर न जाता संध्याकाळी ठाण्याला नातेवाइकांकडे थांबायचं, छोटीला आंघोळ घालून, जेवू घालून, झोपायच्या कपड्यांत साडेदहाला निघायचं, असं ठरलं होतं. दुपारी साडेतीनला गाडी निघाली. खंडाळ्याच्या घाटात वाहनं तुंबली आणि वळणांवर छोटीला उलटी झाली. पहिला जोड तिथेच संपला. आईचा कुर्ताही बदलावा लागला. ठाण्याला पोचायला सव्वाआठ झाले, पण आंघोळ झाली आणि मळके कपडे धुऊन पंख्याखाली वाळले. ठाण्याचा थांबा नसता तर पुढची रात्र अपुऱ्या कपड्यांवर काढावी लागली असती.

विमानतळावर बाबागाडी विमानाच्या दारापर्यंत नेता आली. छोटी उड्डाणाआधीच झोपली. मधला हात वर करून, डोकं आजींच्या मांडीवर, पाय आईकडे, वर लुगड्याचा तुकडा. साडेतीन तास शांतता.

मग ती जागी झाली, दूध मागितलं, घाईने प्यायली आणि सगळं ओकली. आजींच्या मांडीवर. छोटीचं पाकीट एका मिनिटात निघालं, ती कोरडी झाली. आजींची साडी पदरापासून निऱ्यांपर्यंत भिजली होती, आणि आजींसाठी सॅकमध्ये काहीच नव्हतं. त्यांच्या सगळ्या साड्या खाली, विमानाच्या पोटात. विमानातल्या मुलीने दोन ब्लँकेटं आणि ओले टॉवेल दिले. आजींनी ओली साडी तशीच गुंडाळून ब्लँकेट पांघरलं आणि पुढचे चार-पाच तास थंडीत बसून काढले. एकदाही तक्रार केली नाही. मला हे नंतर आईकडून कळलं तेव्हा फार वाईट वाटलं, कारण कपड्यांची यादी मी केली होती. मी मुलाचा विचार केला, आईचा केला. मूल ज्या मांडीवर झोपणार, तिचा केला नाही.

उतरताना कान दुखू नयेत म्हणून काय करायचं हे आधीच ठरलं होतं. विमान खाली येताना केबिनमधला हवेचा दाब वाढतो. नाकाच्या मागून कानाकडे जाणारी नळी लहान मुलांत अरुंद आणि आडवी असते, त्यामुळे दाब लवकर जुळत नाही. गिळलं की ती उघडते, आणि झोपेत गिळणं कमी होतं. म्हणून जमिनीवर टेकायच्या साधारण अर्धा तास आधी छोटीला हलकेच उठवून अंगठ्याच्या बाटलीतून घोटघोट पाणी दिलं. ती चिडून रडली, दोन मिनिटांत थांबली. झोपलेलं मूल उठवायचं म्हणजे जिवावर येतं. आईने ते केलं.

विमानातून बाहेर पडताना बाबागाडी दारात नव्हती. ती सामानाच्या पट्ट्यावर येणार होती, कारण मुंबईत टॅग लावताना गाडी कुठे मिळेल हे कुणी विचारलं नव्हतं. पासपोर्ट तपासणीपर्यंतची सगळी चाल छोटी आईच्या कडेवर होती. सकाळी साडेदहाला घरी पोचल्या. आजींनी आधी आंघोळ केली.

परिणाम

पहिले चार दिवस छोटी पहाटे तीनला उठून बसे. भारताची घड्याळं उन्हाळ्यात जर्मनीच्या साडेतीन तास पुढे, त्यामुळे तिच्या अंगाला साडेसहा वाजलेले असत. आईने पडदे लावून अंधार ठेवला, दिवसा उन्हात फिरवलं. पाचव्या दिवशी ती साडेपाचपर्यंत झोपली. दुसऱ्या आठवड्यात आजींनी लोणी आणून तूप कढवलं. त्याचा फोटो मला आला: काचेच्या बरणीत सोनेरी, रवाळ तूप, बाजूला गाळणी.

परतीचं तिकीट आम्ही ९ एप्रिललाच बदलून घेतलं होतं. भाड्यातला फरक कुटुंबाने भरला, बदलाचं शुल्क आम्ही. पण परतीचा प्रवास हा वेगळाच प्रवास निघाला. विमान दुपारचं, मूल टक्क जागं, आणि दोन वर्षांच्या मुलाला उड्डाणाच्या वेळी स्वतःच्या सीटवर पट्टा लावून बसावंच लागतं. मांडीची सवय असलेली छोटी पट्टा बघून ताठ झाली आणि किंचाळू लागली. हवाईसुंदरी दोनदा येऊन गेली. शेवटी आजींनी लुगड्याच्या तुकड्यात बाहुली गुंडाळली, छोटीच्या पोटाशी ठेवली आणि दोघींवरून एकच पट्टा जातो असं दाखवलं. मग पट्टा बाहुलीसाठी झाला. विमान सुटल्यावर हवाईसुंदरीने नियमाप्रमाणे बाहुली बाजूला ठेवायला सांगितली, तोवर छोटी खिडकीत रमली होती.

आजींच्या सॅकमध्ये या वेळी एक सुती गाऊन होता. लागला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

तारीख बदलताना वय पुन्हा पाहणं हा आमच्या बाजूचा धडा. आता आमच्या फॉर्मवर जन्मतारखेसमोर दोन रकाने आहेत, जातानाचं वय आणि येतानाचं वय, आणि तारीख बदलली की दोन्ही पुन्हा भरल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही.

कपडे माणसांप्रमाणे न मोजता मांड्यांप्रमाणे मोजायला हवे होते. बाबागाडी देताना काउंटरवर "दारात मिळेल की पट्ट्यावर?" हा एक प्रश्न विचारायला हवा होता; पट्ट्यावर असेल तर कडेवर बांधायची झोळी सोबत हवी. दुधाचा वेग कमी ठेवता आला असता: झोपेतून उठलेल्या मुलाला आधी पाणी, मग थोडं थोडं दूध. आणि स्वतःच्या सीटवर पट्ट्यात बसण्याची सवय घरी, जेवणाच्या खुर्चीत ओढणी बांधून, आठवडाभर आधी लावता आली असती. आई म्हणाली, "तू जाण्याची तालीम घेतलीस ताई, येण्याची घेतली नाहीस." ते खरं आहे.

जातानाची सीट घ्यायला मी अधिक आग्रह धरायला हवा होता का, यावर माझं मत अजून ठरलेलं नाही. छोटी स्वतःच्या सीटवर असती तर आजींची साडी वाचली असती, आणि उड्डाण व उतरणं तिच्यासाठी जास्त सुरक्षित झालं असतं हे नक्की. पण ते साडेतीन तास ती झोपली, ते आजींच्या मांडीवर होती म्हणून, असं आई म्हणते, आणि तिथे ती होती, मी नव्हते.